पालघरात पाल ठोकताना

डिसेंबरातला शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. केळवे रोड स्टेशनवरून शेअर रिक्षानं शितळादेवीच्या देवळापाशी उतरलो, तेव्हा माझ्या खांद्याला एक लांबट पिशवी होती आणि मुलीच्या पाठीवर सॅक. रिक्षावाला वाटभर आरशातून त्या पिशवीकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "बॅनर लावायचाय का कुणाचा?"

"तंबू आहे," मुलगी म्हणाली.

"टेंट," त्यानं दुरुस्ती केली. "टेंट त्यांच्याकडे असतोच की. माणशी बाराशे, बार्बेक्यू धरून. तुम्ही घरून कशाला उचलून आणला?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला पुढचा दीड तास पायपीट करावी लागली. पहिल्या दोन ठिकाणी खोल्या संपलेल्या. तिसऱ्या ठिकाणी खोली होती, भाडं साडेतीन हजार, सकाळी दहाला रिकामी करायची. चौथ्या ठिकाणच्या माणसानं "ओन्ली फॅमिली" म्हणून आम्हा बापलेकीकडे असं काही पाहिलं की मुलीनं तिथल्या तिथे तिचं आधार कार्ड काढलं. आणि टेंटवाले? सुरूच्या बनाच्या कडेला निळ्या-नारिंगी घुमट्यांची रांग, मधे दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर, आणि आपला तंबू आपण आणलाय म्हटल्यावर मालकाच्या चेहऱ्यावर आलेला भाव. खानावळीत घरचा डबा उघडल्यावर येतो तसा. "जागेचे आठशे होतील," तो म्हणाला. "माणशी."

समुद्राला पाठ करून आम्ही मागे निघालो. केळव्यात समुद्राला पाठ केली की दहा मिनिटांत वाड्या लागतात: नारळ, सुपारी, त्यांच्या सावलीत पानवेली, मधून पाटाचं पाणी. एका वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, एक आजी पाचोळा गोळा करत होत्या. विचारलं, आजी, एका रात्रीपुरता तंबू लावू का कोपऱ्यात?

आजींनी भाव सांगितला नाही. त्यांनी विचारलं, "कोणाचे तुम्ही?"

या किनाऱ्यावर हा प्रश्न म्हणजे हॉटेलातलं रजिस्टर. मी आडनाव सांगितलं, आजोळ शेजारच्या माहीमचं असल्याचं सांगितलं, नोकरी बोईसरला म्हणालो. तिसऱ्या पायरीवर आजींच्या एका भावजयीचं माहेर आणि माझ्या आजोळची आळी एकत्र आली आणि बेडं उघडलं. "झोपायचे कसले पैसे? मोटर लावावी लागेल, संडासाला पाणी लागतं. त्याचे दोनशे ठेवा." मग मुलीकडे बघून, "भाकरी खाते का ही, का मॅगीवाली?"

दोघांचे मिळून दोनशे. विहिरीचं पाणी, दाराला कडी असलेला संडास आणि ओसरीवर रात्रभर जळणारा एक पिवळा दिवा त्यात आला. आजोळचं नाव कामी आलं हे मान्य करायला हवं. नाशिकहून किंवा मालाडहून आलेल्या पोरांना तिसरी पायरी सापडली नसती. पण नंतरच्या वर्षभरात, या जिल्ह्यात जिथं जिथं तंबू घेऊन हिंडलो तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. स्वस्त जागा नेहमी नावाजलेल्या जागेच्या पाठीमागेच असते, फार तर एक गाव ओलांडून. आणि तिथं किंमत ठरते ती पाणी, संडास आणि रात्री जागं असणारं एक माणूस या तिन्हींची. कापडाची नव्हे.

*

तंबूला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. राहुटी, डेरा, शामियाना, कनात, आणि सगळ्यांत साधा शब्द पाल. पालघर या नावाची व्युत्पत्ती सांगण्याच्या फंदात मी पडणार नाही. ती सांगणारे पाच जण भेटले तर सहा मतं मिळतात. पण पालघरात पाल ठोकायचं म्हटल्यावर शब्दाला आपोआप गुदगुल्या होतात, एवढं खरं.

या किनाऱ्यानं राहुट्या पाहिल्या आहेत, पण त्या हौसेच्या नव्हेत. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या सुरुवातीला, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही पोर्तुगीजांची ठाणी एकामागून एक पडली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. आज तारापूरच्या किल्ल्याच्या तटाखाली उभं राहिलं की एक क्रिकेटची खेळपट्टी दिसते, वाळत घातलेली जाळी दिसतात. तो हिवाळा इथं हजारो माणसांनी कापडाखाली काढला असेल हे डोळ्यांपुढे येत नाही. वर जव्हारला शिरपामाळ आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना, १६६४ साली, शिवाजी महाराजांचा मुक्काम त्या माळावर पडला आणि जव्हारच्या राजानं त्यांना मानाचा शिरपेच दिला, अशी तिथली परंपरा सांगते. म्हणजे जव्हारचं हे पर्यटनस्थळ मुळात एक छावणीची जागाच.

माझ्या पिढीला कॅम्पिंग हा शब्द माहीत नव्हता, शिबिर माहीत होतं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ला सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांतली लाखो पोरं हिवाळ्यात दहा दिवस कुठल्या तरी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपून आली. बांध घातले, खड्डे खणले, रात्री शेकोटीभोवती नकला केल्या. खर्च शून्य. गड चढणारे देवळात, गुहेत, पोलीस पाटलाच्या ओसरीवर झोपत. स्वस्तात मुक्काम करण्याची ही एक बरीच जुनी मराठी रीत आहे. ती विसरून आपण शनिवारी रात्री माणशी बाराशे द्यायला लागलो, याचं मला अधूनमधून हसू येतं.

बाराशेचा हिशेब तसा फसवा नाही. पवनेच्या काठावरचा एक टेंटवाला मला मोकळेपणानं सांगत होता: कोंबडी, कोळसा, पोरांचे पगार, जागामालकाचं भाडं, मोबाइलवरून गिऱ्हाईक पाठवणाऱ्याचं कमिशन. लोणावळ्याच्या खोल्या परवडेनात म्हणून माणसं पवनेला गेली, आणि आता पवनेचे तंबू परवडेनात म्हणून आणखी आत चाललीत. गिऱ्हाइकाच्या पैशातला मोठा वाटा जागेला जातच नाही, आवाजाला आणि कोंबडीला जातो. ज्याला दोन्ही नको आहे त्यानं ते कशाला भरावेत?

स्वतःचा तंबू दोन-अडीच हजारांत येतो. खोक्यावर चार माणसांचा लिहिलेला असला तर त्यात दोन माणसं आणि दोन सॅका झोपतात. वर एक जाड ताडपत्री घ्यावी, ती खाली अंथरायला. तीन मुक्कामांत पैसे वसूल.

*

एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि हा किनारा मुंबईकराच्या तिकिटाच्या टप्प्यात आला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. या प्रत्येक स्टेशनच्या पश्चिमेला कुठे ना कुठे समुद्र आहे आणि पूर्वेला डोंगर. गाडीवाला माणूस केळव्याला आणि बोर्डीला जातो, कारण नावं त्याच दोन ठिकाणांची झालीत. २०२० मध्ये राज्य सरकारनं चौपाटीवरच्या शॅकसाठी जे आठ किनारे निवडले त्यांत पालघरमधले हेच दोन होते. लोकलनं जाणाऱ्यानं सफाळ्याला उतरून एडवण-दातिवऱ्याकडे वळावं, पालघरला उतरून माहीम-वडराई धरावं, बोर्डीऐवजी नरपड किंवा चिखले गाठावं. वाळू तीच, सुरू तेच. चहाची टपरी मात्र सातला बंद होते.

डहाणूकडच्या वाड्या टिकल्या त्याला एक कायदेशीर कारणही आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि भोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यात नव्या उद्योगांवर बंधनं आली. इथल्या अनेकांनी त्या अधिसूचनेला रोजगार घालवणारी म्हणून शिव्या दिल्या, आजही देतात. पण घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ज्या वाड्यांकडे बोट दाखवलं गेलं त्या याच अधिसूचनेच्या आसऱ्यानं उभ्या होत्या. चिकूच्या झाडाखाली तंबू लावण्यासारखं सुख नाही. फांद्या खाली येतात, गवत कमी, जमीन घट्ट. एकच त्रास, रात्री वटवाघळं अर्धा खाल्लेला चिकू नेमका तंबूच्या टोकावर टाकतात. धप्प आवाज येतो आणि शहरातलं माणूस उठून बसतं.

आता समुद्राबद्दल. वाळूत तंबू लावायची हौस सगळ्यांना असते आणि ती एकदा भागवून घ्यावी, पण भरती-ओहोटी कळल्याशिवाय नाही. माझी शिकवणी कोजागिरीला झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण चिंचणीच्या वाळूवर संध्याकाळी साडेसहाला तंबू ठोकून बसलो. समुद्र कुठल्या कुठे होता. इकडचा किनारा इतका सपाट की ओहोटीला पाणी नजरेआड जातं. चंद्र वर आला, दूध आटत ठेवलं, कुणी तरी गाणं सुरू केलं. अकराच्या सुमाराला ज्याच्या हातात पळी होती तो म्हणाला, "अरे, माझे पाय ओले का लागतायत?" पातेलं वाचलं. एक चप्पल, दोन उशा आणि भूगोलाच्या मास्तरांची सतरंजी समुद्रानं नेली.

ही गोष्ट नंतर वडराईच्या एका मांगेला काकांना सांगितली, तर ते जाळं शिवता शिवता हसून लोळायचे बाकी राहिले. "मास्तर होते ना बरोबर? तिथीची पाऊणपट येत नाही मास्तरांना?" मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या आसपास आणि रात्रीही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं. सगळं जग ज्या रात्री चांदणं बघायला वाळूवर जातं नेमक्या त्याच रात्री, नेमक्या दूध पिण्याच्या वेळेला, समुद्र सगळ्यांत वर येतो. अष्टमीच्या मध्यरात्री जावं. चंद्र अर्धा असतो, समुद्र घरी गेलेला असतो.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायच्या. वाऱ्यानं तंबू ओढला तर त्या आणखी घट्ट बसतात. आणि दहिवर. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात असं दहिवर पडतं की पहाटे चारला तंबूच्या आतून पाणी ठिबकतं. ते बाहेरचं नसतं, आपल्याच श्वासाचं असतं. म्हणून तंबूचं एक तोंड उघडं ठेवायचं, थंडी वाजली तरी.

कुठल्या बाजूचं तोंड, हा प्रश्न बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावर जास्त महत्त्वाचा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले: दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. परीक्षेनंतर त्याचा उपयोग मला नांदगावच्या किनाऱ्यावर रात्री दोन वाजता झाला. दिवसभर खाऱ्या वाऱ्यानं नाक सुखावलेलं होतं. मध्यरात्रीनंतर वारा फिरला आणि पूर्वेकडून एक गोडसर, कडवट, जुन्या औषधाच्या कपाटासारखा वास आला. कुठल्या चिमणीचा ते सांगता येणार नाही, मी तीस वर्षं तिथल्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि तरीही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरची औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांनी देशात पहिली आली होती. हे गुण जास्त मिळवायचे नसतात. वसाहतीचं सांडपाणी नळानं नवापूरच्या समुद्रात जातं. म्हणून माझ्या पाहुण्यांना मी सरळ सांगतो: नवापूर-नांदगावला सूर्यास्त बघा, सुके बोंबील घ्या, झोपायला दुसरीकडे जा. जागा फुकट आहे, सकाळची डोकेदुखीही फुकटच मिळते.

तारापूरच्या अणुकेंद्राबद्दल बाहेरच्यांना भीती असते आणि आम्हाला सवय. १९६९ साली देशातली पहिली अणुवीज इथं तयार झाली. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. त्या भागात तंबूचा विचारही करू नये, सुरक्षा दलाचे जवान अर्ध्या रात्री टॉर्च मारून चौकशी करतील आणि ते त्यांचं कामच आहे. चिंचणीपासून पुढे वाट मोकळी.

*

पूर्वेला डोंगर. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. खिंडीत वाघोबाचं देऊळ, बाजूनं काळदुर्गाची वाट. जाणारी-येणारी ट्रकवाली माणसंसुद्धा तिथं हात जोडतात. वाघोबा हा नुसता शेंदूर नाही. या जंगलात बिबट्या आहे, आणि शतकानुशतकं त्याच्या शेजारी राहणाऱ्या वारल्यांनी त्याच्याशी कसं वागायचं हे ठरवून टाकलंय. त्याचा वाटा त्याला द्यायचा, त्याच्या वेळेला त्याच्या वाटेवर जायचं नाही. तंबूवाल्यांनी एवढंच पाळलं तरी पुरे: उष्टं बाहेर ठेवायचं नाही, कुत्रं सोबत न्यायचं नाही, अंधार पडल्यावर एकट्यानं झुडपामागे जायचं नाही.

काळदुर्गावर पिण्याजोग्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नये. अशेरीवर जावं. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून खोडकोन्याच्या वाटेनं चढलं की माथ्यावर कातळातली टाकी आहेत, दहा-बारा माणसं मावतील अशी गुहा आहे, आणि पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला एक दगड ऊन खात पडलेला आहे. गुहेत देवीचं ठाणं आहे, तेव्हा चपला बाहेर आणि बाटली मुळातच घरी. वाड्याच्या बाजूचा कोहोज तंबूला त्याहून चांगला. वारा खात उभा असलेला माणसाच्या आकाराचा सुळका तिथं सकाळी उठल्या उठल्या दिसतो. पण गडावर तंबू लावण्यापेक्षा पायथ्याच्या पाड्यात एखाद्याच्या खळ्यावर लावावा, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. भात झोडून झालेलं, शेणानं सारवलेलं, सपाट खळं म्हणजे दुनियेतली सर्वांत उत्तम तंबूची जमीन. घरधनी पैसे मागायला लाजतो, म्हणून आपण लाजायचं नाही. जेवणासह दोघांचे पाचशे-सहाशे त्याच्या हातात ठेवायचे, तेही जाताना नाही, पोचल्यावर. म्हणजे त्याला दुकानात जायला वेळ मिळतो.

परवानगीचं मात्र बघायला हवं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं कुणालाही मोकळ्या रानावर जबाबदारीनं तंबू लावायचा हक्क दिला. स्वीडनमध्ये तो हक्क रूढीनं चालत आला आहे. तिकडचे व्हिडिओ बघून आलेली पोरं आपल्याकडे विचारतात, की डोंगर कुणाच्या बापाचा आहे का? तर हो, आहे. आपल्याकडचा वीतभर तुकडासुद्धा कुणाचा तरी आहे: वनखात्याचा, गावच्या गुरचरणाचा, देवस्थानचा, कुणाच्या सातबाऱ्यावरचा. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि जाळ करणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि डिसेंबरनंतर इथलं गवत वाळून असं होतं की एका सिगारेटनं अख्खी टेकडी जाते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे तालुके पेसा कायद्याखाली येतात. तिथं ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. पोलीस पाटलाला भेटून नाव-नंबर लिहून द्यायला दहा मिनिटं लागतात. पावसाळ्यात दाभोसा आणि इतर धबधब्यांवर मनाईचे आदेश निघतात तेव्हा मागच्या वाटेनं जाण्यात मर्दुमकी नाही. आदल्या कुठल्या तरी वर्षी तिथून कुणाला तरी दोरानं वर काढलेलं असतं.

*

जव्हारच्या वाटेवर एका गोष्टीनं माझा तंबू मला जड झाला. थंडी सुरू झाली, दिवाळी संपली की आमचा हंगाम सुरू होतो. त्याच आठवड्यात जव्हार-मोखाड्यातून वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबं खाली उतरतात. वसई, भिवंडी, ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर. घाटात आम्ही वर चढत होतो आणि समोरून एक टेम्पो उतरत होता: पातेली, कोंबड्या, चादरीत गुंडाळलेली पोरं, आणि सगळ्यांत वर गुंडाळी केलेलं निळं प्लास्टिक. तेही सहा महिने पालातच राहणार. भट्टीच्या कडेला चार बांबू, त्यावर ते प्लास्टिक, खाली मातीची चूल. आमच्या तंबूला खिडकीला जाळी होती.

आणि २०१८ चा नोव्हेंबर. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलू लागली आणि हलतच राहिली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांत माणसं भिंतींना भिऊन अंगणात झोपू लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात अनेक धक्के बसले. घाईनं बाहेर पळताना दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. मग सरकारी तंबू आले. त्या दिवसांत तिकडे गेलो होतो. भर थंडीत एक बाई तंबूच्या दाराशी बसून घराकडे बघत होती. घर पंधरा पावलांवर होतं, ओसरीवर कणगी, भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला चौक. "आत गरम असतं," ती म्हणाली, आणि आत म्हणजे घरात. मला तेव्हापासून 'ओपन स्काय एक्स्पीरियन्स' अशी जाहिरात वाचली की ती ओसरी आठवते.

म्हणून मौजेखातर तंबूत झोपू नये, असं माझं म्हणणं नाही. मी झोपतो, मला आवडतं. पण शनिवारचे पैसे कुणाच्या हातात पडतात याकडे माझं लक्ष असतं. मनोरच्या एका पाड्यात ज्याच्या खळ्यावर आम्ही दोनदा राहिलो, तो गेल्या हिवाळ्यात भट्टीवर गेला नाही. आमच्यामुळे नाही, अर्थात. मोगऱ्याची रोपं लावली होती, ती लागली. पण म्हणाला, "शनिवारची मंडळी येत राहिली तर बरं." शनिवारची मंडळी, हे नाव मला आवडलं.

हे सगळं किती वर्षं, ठाऊक नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींच्या घरातला प्रकल्प. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय. चौथी मुंबई असा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणांत येऊ लागलाय आणि वरोर-चिंचणीच्या रस्त्यावर जमिनीच्या दलालांच्या पाट्या. ज्या वाडीवाल्यानं मागच्या वर्षी मला शंभर रुपयांत कोपरा दिला त्यानं यंदा फोनवर गुंठ्याचा भाव सांगितला. मी त्याला तंबूबद्दल विचारत होतो.

*

केळव्याची ती रात्र सांगायची राहिली. आजींनी उकडहंडी केली होती: मडक्यात कंद, शेंगा, वांगी, ओवा, वर पाला, आणि भोवती जाळ. मॅगीवालीनं दोनदा घेतली. साडेनऊला ओसरीवरचा दिवा सोडून सगळं विझलं. समुद्राच्या बाजूनं स्पीकरचा ठेका येत होता, पण सुपारीच्या झाडांतून गाळून येत होता. बाराच्या पुढे तोही थांबला. मग मोटारीच्या खोलीवर एक घुबड बोललं, आणि आजींनी आतूनच त्याला झापलं.

सकाळी तंबू उचलला. सगळी वाडी दहिवरानं भिजून पांढरी झालेली, आणि आम्ही झोपलो होतो तिथं एक कोरडा चौकोन. पाच-सहा कोंबड्या कुठून तरी धावत आल्या आणि फक्त त्या चौकोनात टोचू लागल्या. मुलीनं फोटो काढला. आजींनी दोनशे रुपये ओच्यात खोचले, नागवेलीच्या पानांची एक जुडी मुलीच्या हातात दिली, आणि वाकून जमीन बघत म्हणाल्या, "परत याल तेव्हा या. पण खुंट्या अळूच्या वाफ्यात नका मारू. दोन मेले बघा माझे."

खरंच दोन मेले होते.